साक्षीचा कागद

चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उपासनेत मोठ्यानं वाच. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी तिथेच उभ्याउभ्या वाचला. माझी साक्ष, म्हणजे प्रभूनं मला कसं वाचवलं ते सांगणं, त्यांनीच लिहून आणली होती. तिसरी ओळ अशी: 'माझे वडील दारूच्या आहारी गेले होते. त्या अंधारात दरड कोसळली आणि प्रभूनं मला हाक मारली.'

"साहेब, बाबा पीत नव्हते."

"अगं, लांबून पाहुणे येणार आहेत, मदत देणारे. त्यांना अशीच साक्ष लागते. आणि वडील गेले ना आता? त्यांना काय फरक पडतो?"

ऐंशीच्या दशकातला पावसाळा. घाटकोपरच्या टेकडीवरची आमची झोपडी दरडीखाली गेली तेव्हा मी मरोळच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आई लहानपणीच गेलेली. घरात बाप एकटा. चर्चच्याच लोकांनी हातांनी माती उपसून त्याचा देह बाहेर काढला. हे मी नाकारत नाही. त्यांनी हॉल उघडला, चुली पेटवल्या, गुडघे टेकून प्रार्थना केल्या. ख्रिस्ती असो नसो, टेकडीवरच्या प्रत्येकाला ताट मिळालं. महिला मंडळाच्या रूथबाईंनी मला स्वतःच्या हातानं पिठलंभात भरवला.

रविवारी मी गायनमंडळात माझ्या जागी उभी राहायला गेले. रूथबाईंनीच दंडाला धरून मला पुढच्या बाकाकडे नेलं. "तू आता इथं बस गं, दरडवाल्यांत." सात वर्षं मी गायनमंडळाच्या दुसऱ्या रांगेत गायले होते. बापाला पुरतानासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आणि माझा बाप. दर रविवारी पहाटे उठून चर्च झाडायचा, घंटा वाजवायचा. फुकट. सेक्रेटरीसाहेब त्याची घंटा ऐकूनच घरातून निघायचे.

साक्ष दिली की छपराचे पत्रे मिळणार होते. हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलेले, कोरे करकरीत. मी प्लॅस्टिकखाली झोपत होते. मला ते पत्रे हवे होते. खूप हवे होते.

पाहुणे आले. माझं नाव पुकारलं. दोन ओळी वाचल्या. तिसरी आली. मी कागदाची घडी घातली.

"माझे बाबा दारू पीत नव्हते. ते या चर्चची घंटा वाजवायचे. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

रूथबाई पदर नीट करत राहिल्या. सेक्रेटरीसाहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "दुःखानं बावरलीय पोरगी."

पत्रे मला मिळाले नाहीत. उरलेला पावसाळा प्लॅस्टिकखालीच काढला. सोबतीला कोणी नव्हतं. वाटेत भेटलेले मंडळीतले लोक छत्री पुढे करून तोंड लपवायचे.

साक्षीनंतरच्या पहिल्याच रविवारी मी दरडवाल्यांच्या बाकावर बसले नाही. दुसऱ्या रांगेत माझ्या जागी गेले. कोणी सरकलं नाही. शेजारणीचा कोपर बरगडीत रुतत होता. तशीच उभी राहून गायले.

आजही तिथेच उभी राहते. ज्यांनी माझ्या बापाला मातीतून काढलं, त्यांच्यापुढे हात जोडते. पण त्याच्याबद्दल दुसऱ्यानं लिहून दिलेलं एक अक्षरही वाचणार नाही. डोक्यावर छप्पर असो वा नसो.