इंजिनाला घातलेली आंघोळ

मागच्या रविवारी फोनवर मी थोरल्या नातीला सरळ विचारलं, की तू ऑफिसात दिवसभर नक्की काय करतेस ते मला समजेल असं सांग. 'आजी, कॉम्प्युटरवर काम' हे उत्तर मी फार वर्षं ऐकलं. ते मला पुरत नाही. तिने सांगितलं, आणि ऐकता ऐकता मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. तिला वाटलं, आजी आपल्यावर रागावली. तसं नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, आणि क्रमाने लिहिते, नाहीतर राग मध्येच पुढे धावेल.

आधी तिचं काम. चालता चालता एखादा प्रोग्राम कोसळतो. त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे काही असेल ते सगळं जसंच्या तसं एका फाइलीत ओतून ठेवायची सोय असते. त्या फाइलीला क्रॅश डम्प म्हणतात. मग डीबगर नावाचा दुसरा प्रोग्राम ती फाइल उघडतो. तो मेलेल्याला पुन्हा उठवत नाही, नुसता वाचतो. मेमरी म्हणजे नंबर घातलेल्या खणांची लांबच लांब रांग, आणि प्रत्येक खणात फक्त आकडे. कोणत्या खणाला माणसं काय म्हणतात, याची एक वेगळी फाइल असते. ती डीबगरच्या हाती दिली की आकड्यांना नावं मिळतात. पण ती त्याच प्रोग्रामची, तो ज्या खेपेला बनवला त्याच खेपेची हवी. दुसऱ्या खेपेची दिली, तर काही वेळा चुकीची नावंही खरी वाटावीत इतक्या सरळपणे समोर येतात. मग प्रोग्राम कुठे थांबला, त्याला तिथे कोणी पाठवलं, त्याला कोणी, असं उलट पावली मागे जायचं.

इथपर्यंत मी शांत होते. मग ती म्हणाली, "आजी, सगळ्यात वाईट म्हणजे कोणीतरी घाईने मशीन बंद करून पुन्हा चालू करतं. त्याला वाटतं, मदत केली. पण मेमरी पुसली जाते. मग मी काय वाचू?"

आणि पुढे म्हणाली, की मेमरीचा जो तुकडा फाइलीत आलाच नाही, तिथे डीबगर प्रश्नचिन्हं दाखवतो. स्वतःच्या मनाने काही भरत नाही.

तेव्हा मी फोन ठेवला.

आता माझं. एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बाबा तिथल्या एका जिनिंगमध्ये इंजिन चालवत. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. एक मोठं तेलाचं इंजिन, त्याला माणसाच्या उंचीचं लोखंडी चाक, आणि चाकावरून गेलेल्या लांब पट्ट्यावर सगळे रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालायचे. मी मॅट्रिक झाले होते आणि पुढे अमरावतीला कॉलेजात जायचं ठरत होतं. आमच्या गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, "काहून वं, पोरगीले बालिष्टर करतं का?" आई म्हणायची, "तिच्या बापाले इचारा." बाबांच्या नोकरीवर ते सगळं उभं होतं.

त्या कारखान्यात एक रीत होती. हंगामाच्या सुरुवातीला, खंडेनवमीला, इंजिन चालवणाऱ्याच्या बायकोने इंजिनाला आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मध्येच इंजिन बिघडलं, तर ते रुसलं असं म्हणत, आणि तिनेच पुन्हा आंघोळ घालून त्याची समजूत काढायची. आईला याचा फार अभिमान होता. "शेठानीले नाई हा मान, मले हाये," असं ती म्हणायची.

एका दुपारी पट्टा चाकावरून सुटला. ओझं गेल्याबरोबर इंजिन भडकलं, म्हणजे बेफाम वेगाने फिरू लागलं. अशा वेळी तेल आपोआप तोडायला इंजिनावर गव्हर्नर म्हणून एक भाग असतो. त्याचा दांडा कापसाच्या तुसाने आणि वाळलेल्या तेलाने जाम होत होता. बाबा मॅनेजरला हे कितीदा तरी बोलले होते, आणि हंगाम संपू द्या, हेच उत्तर कितीदा तरी मिळालं होतं. त्या दिवशी दांडा हललाच नाही. बाबा हाताने तेल बंद करायला धावले. तेवढ्यात चाक फुटलं, त्याचा एक तुकडा टिनाचं छप्पर फाडून बाहेर गेला आणि तापलेल्या नळीवर आदळून बाबांचा हात भाजून सोलला. बाकी कोणाला लागलं नाही.

दवाखान्यात मी त्यांच्या खाटेशी होते. मॅनेजर आला. बाबा त्याला म्हणाले, "सायेब, इंजिनघराले कुलूप लावा. इमेवाला येऊन पाहीन तवरिक कोनी हात नोका लावू. दांडा जसा अडकला तसाच राहू द्या."

"हो, हो. तुम्ही आराम करा," मॅनेजर म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

तिथून तो सरळ आमच्या घरी गेला. आईला म्हणाला, "वहिनी, इंजिन रुसलंय. तुमच्या हातची आंघोळ झाल्याशिवाय आता कोणी आत जायला तयार नाही. यजमानांवरचं संकटही टळेल."

आई घागर, राख आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन निघाली. गल्लीतल्या दोघीतिघींना बरोबर घेतलं. त्यांनी उकळतं पाणी, राख आणि घासलेट घेऊन ते इंजिन असं घासलं की चौकीदार म्हणाला, "वैनी, आता बाशिंगच बांधा, नवरदेव दिसून राह्यला!" हे सगळं मला नंतर कळलं. मी बाबांजवळ दवाखान्यातच राहिले होते.

विम्याचा इंजिनिअर आला तेव्हा बाबा हात गळ्यात बांधून कारखान्यात गेले, आणि मी त्यांच्याबरोबर. तो दक्षिणेकडचा माणूस, इंग्रजी बोलायचा, हिंदी फार मोडकी. मॅनेजर मध्ये बोलायला पुढे झाला तेव्हा बाबा म्हणाले, "माही पोरगी सांगन." मॅनेजर हसला. इंजिनिअर म्हणाला, चालेल.

बाबांनी सगळं सांगितलं. पट्टा सुटला, इंजिन भडकलं, गव्हर्नरने तेल तोडलं नाही. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत देत होते. शेवटी बाबा म्हणाले, "पाहा सायेब, दांडा अजून जाम असन."

इंजिनिअरने एका बोटाने दांडा ढकलला. तो पाळण्यासारखा हलला.

बाबा पुढे वाकले. आता त्यांना दिसलं, की सगळं लखलखत होतं, चाकाच्या तुटक्या कडेला कुंकू होतं, फरशी कोरडी स्वच्छ होती, तेलाची तोटी नीट बंद करून ठेवली होती. इंजिनिअरने मला विचारलं, हे कोणी साफ केलं? मी मराठीत विचारलं.

आई बाबांचा डबा घेऊन दारात उभी होती. पदर सारखा करून ती म्हणाली, "म्या केलं, सायेब! एक डाग ठेवला नाई पाहा. त्या दांड्याले तं काय घान होती बाप्पा, बोटबोट चिकट थर! नखानं काढला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सगळं, नखासकट. माझा आवाज चढला होता. बाबा आईकडे बघत होते.

मॅनेजर इंग्रजीत म्हणाला, की या लोकांच्या चालीरीती असतात, आपण थांबवू शकत नाही. मी त्याला इंग्रजीतच सुनावलं, की तुम्हीच तिला पाठवलं. तुम्हाला कुलूप लावायला सांगितलं होतं, मी तिथे होते. तो इंजिनिअरकडे वळून म्हणाला, मुलगी बापाचीच बाजू घेणार. इंजिनिअर म्हणाला, मी जे पाहतो ते लिहितो.

काय पाहिलं त्याने? चिकट थर होता, हे खुद्द आईने त्याला सांगितलं होतं. तरी त्याने लिहिलं, की इंजिनात दोष आढळला नाही, सबब चालवणाऱ्याचं दुर्लक्ष. मालकांच्या ते सोयीचंच होतं, कारण जुना बिघाड ठाऊक असून इंजिन चालवलं असं ठरलं असतं तर विमा बुडाला असता. जिथे काहीच वाचता येत नव्हतं तिथे त्या शिकल्यासवरल्या माणसाने प्रश्नचिन्ह ठेवायला हवं होतं. त्याने माझ्या बापाला ठेवलं.

बाबांना काढून टाकलं. आम्ही वाशीमजवळच्या मालेगावला आलो. तिथे एका पिठाच्या गिरणीचं छोटं इंजिन बाबांच्या हाती आलं. अमरावती लांबली. माझं कॉलेज पुढे झालं, ते लग्नानंतर, पण तो विषय निराळा.

आईची समजूत अशी, की आपण आंघोळ घातली म्हणून यजमान जिवानिशी आणि तुरुंगावाचून सुटले. ती हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला ऐकवत नसे. एकदा मी बाबांना म्हटलं, "तिला खरं सांगत का नाही?"

"कायले? जन्मभर सोताले खात राहीन ते."

"आणि तुम्ही?"

"माहं काय. माहा हात जळला, नोकरी गेली. तिचं कायले जाळू?"

मला हा मोठेपणा तेव्हाही पटला नाही, आज तर मुळीच पटत नाही. मॅनेजरने आईच्या भोळ्या हातांचा पोतेरा केला, आणि बाबांनी गप्प राहून मॅनेजरला तसंच सोडलं. आईला कळलं असतं, तर ती रडली असती, मग पदर खोचून वाशीमला त्याच्या दारात उभी राहिली असती. तिला मी ओळखत होते. तिचा राग तिच्या हक्काचा होता, आणि तो तिला कोणी दिला नाही.

मालेगावचं इंजिनही एकदा बंद पडलं. निरोप कळताच आई घागर घेऊन निघाली, मी मागोमाग. बाबा गिरणीच्या दारात आडवे उभे होते.

"थांब वं. पैले मले पाहू दे."

"काहून? आंघोळ नाई घालाची?"

"पैले पाहू दे."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी अडवलं नव्हतं. आई घागर तिथेच टेकवून बाहेरच्या दगडावर बसली आणि मला म्हणाली, "पाह्य तुह्या बापाले. वाशीमले म्याच वाचवलं, अन् आता मलेच बाहेर बसवते."

आत बाबा कंदील धरून, हात मागे बांधून, इंजिनाभोवती हळूहळू फिरत होते. कशालाही हात लावत नव्हते. मी दारात उभी होते. एका बाजूला ते, एका बाजूला आई, आणि मध्ये मी, रागाने धुमसत.