परिपक्व अल्बम आणि दीड कडवं

आमच्या रॉक बँडचा दुसरा अल्बम परिपक्व आहे, असं एका निवृत्त शिक्षकाने छापून आणलं आणि तेव्हापासून आम्हाला लग्नाची एकही सुपारी मिळालेली नाही.

बँडमध्ये मी ड्रम वाजवतो आणि भाव ठरवतो. आचोळ्यात माझं मांडव आणि स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे. ते मी कोणाच्या ओळखीवर नाही, तोंडाच्या जोरावर उभं केलं. गायक वसईच्या एका ख्रिस्ती गावातला, घरची केळीची वाडी असलेला. आणखी दोघे आहेत. ते भांडत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

पहिल्या अल्बममधलं एक गाणं माझं होतं. शब्द माझे, चाल माझी. पापलेटाच्या भावावरून सासू आणि सून बाजारात एकमेकींविरुद्ध बोली लावतात, असं ते गाणं. त्यावर अर्नाळ्यापासून फुलपाड्यापर्यंत लोक नाचले. एका लग्नात तर नवऱ्याने बूट काढून नाचायला सुरुवात केली आणि ते बूट पुन्हा सापडले नाहीत.

मग गायकाच्या काकांनी वाडीतलं बावखल बुजवायला दिलं. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. तिथे आता इमारत आहे. गायकाने त्यावर आठ गाणी लिहिली. सगळी संथ. नाचायला म्हणून पाय उचलला तर तो हवेतच राहावा अशी. तिसऱ्या गाण्यात तर मधेच सगळं थांबतं आणि बराच वेळ काहीच वाजत नाही. मी विचारलं, "इथे मी काय करू?"

"काही करू नको, दादा," तो म्हणाला. "तेच करायचंय."

न वाजवण्याचे पैसे मी आयुष्यात कधी मागितले नव्हते, म्हणून ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्या.

अल्बम आला. आमच्या भागातल्या चर्चच्या मासिकात एक निवृत्त सर संगीतावर लिहीत. ते वसईत सगळ्यांना माहीत. त्यांनी दोन पानं लिहिली. या गाण्यांत मरण घरच्या माणसासारखं ओट्यावर येऊन बसतं, असं त्यांनी लिहिलं. आणि शेवटी: "बाजारू सासू-सुनेला या मुलांनी मांडवातच सोडून दिलं, हे फार बरं झालं."

हे वाक्य मला पाठ आहे. मला एकच हवं होतं, ते त्यांनी मागे घ्यावं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही परिपक्व झालात, याचा राग कसला?" मी म्हटलं, "सर, केळं परिपक्व झालं की दुसऱ्या दिवशी काळं पडतं." त्यांनी शांतपणे विचारलं, हे वाक्य त्यांनी पुढच्या लेखात वापरलं तर चालेल का. मी फोन आपटला.

लोकांनी मात्र तो लेख सरळ अर्थाने वाचला. मरणाची गाणी वाजवणारा बँड, एवढंच त्यांनी घेतलं. आमच्या वसईत ख्रिस्ती मयताला बँड असतो. घरापासून चर्चपर्यंत आणि तिथून कबरस्थानापर्यंत तो पुढे चालतो. पहिलं बोलावणं पाचूबंदरहून आलं. म्हातारे नाखवा गेले होते. त्यांची बायको मला म्हणाली, "आमचा मानूस समुद्रावरचा. त्याला ती कालोखाची गानी वाजवा. लग्नाची नको." आणि तिने विचारलं, "काय घ्याल?"

मी तोंड उघडलं. गायकाने माझ्या पायावर पाय दिला. मयताच्या घरी भाव करत नाहीत. हे मलाही माहीत होतं, पण इतक्या जवळून कधी माहीत करून घ्यावं लागलं नव्हतं.

"द्याल ते," मी म्हणालो. घरी येऊन मी दोन कप चहा प्यायलो तरी तोंडातली कडू चव गेली नाही.

मिरवणूक निघाली. टेम्पोवर आम्ही, मागे शवपेटी खांद्यावर घेतलेले सहा जण. गायकाने तिसरं गाणं सुरू केलं. मधली शांतता आली. बँड थांबला म्हणजे चर्च आलं, असं खांदेकऱ्यांना वाटलं. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि घाम पुसला. तेवढ्यात गाणं पुन्हा सुरू झालं. त्यांनी घाईने पेटी उचलली. लोकांना गाणं आवडलं म्हणून त्यांनी वाटेत ते पुन्हा वाजवायला सांगितलं. पेटी पुन्हा खाली. एक खांदेकरी टेम्पोपाशी येऊन म्हणाला, "काय ते एकदा ठरवा ना. म्हातारा तरी कंटाळला असेल."

सर गर्दीत होते. पुढच्या अंकात त्यांनी लिहिलं, की खाली ठेवलेली पेटी पाहिल्यावर त्यांना त्या शांततेचा अर्थ नव्याने उमगला. त्या अंकानंतर मयतांची बोलावणी वाढली. प्रत्येक घरी मी "द्याल ते" म्हणत होतो. माझा आवाज बारीक झाल्याचं बायकोने सांगितलं.

मग एका दुपारी सर स्वतः माझ्या दुकानात आले. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"मला बँड ठरवायचा आहे," ते म्हणाले. "माझ्यासाठी. तिसरं गाणं. पुढे माझी मुलं काहीही वाजवायला सांगतील, त्यापेक्षा मी सांगून ठेवतो. काय घ्याल?"

"मयताचा मी भाव करत नाही."

"मी मेलेलो नाही."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरंच, ते मेलेले नव्हते. कितीतरी दिवसांनी माझ्या समोर असा माणूस होता, ज्याच्याशी घासाघीस करायला कोणाची हरकत नव्हती. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चहा सांगितला.

"पैसे नकोत," मी म्हणालो. "ते वाक्य मागे घ्या."

"समीक्षा मागे घेता येत नाही. मला तेव्हा जे वाटलं ते लिहिलं. आजही तेच वाटतं."

"मग माझं गाणं वाजेल. चर्चपासून कबरस्थानापर्यंत."

"सासू-सून? माझ्या मयतात?"

"बरं, जाताना तुमचं, परतताना माझं."

"परतताना मी नसेन," ते आनंदाने म्हणाले. "वाजवा खुशाल."

इथे मी फसलो होतो. जे त्यांना ऐकावं लागणार नाही ते देऊन मी काय मिळवणार होतो? ते उठले, टोपी घातली आणि शटरखालून वाकून निघालेसुद्धा. गिऱ्हाईक निघालं की त्याला परत बोलवायचं नाही, हा माझा नियम. पण मी बोलावलं.

"सर, ती मधली शांतता. तिथे पेटी खाली ठेवतात. पाचूबंदरला दोनदा ठेवली, तुम्ही पाहिलंत."

ते वाकलेलेच थांबले. "अर्थ आहे त्यात."

"अर्थ आहे, पण पेटीत तुम्ही असाल. आणि तुमच्या गल्लीत गटाराचं काम चालू आहे."

ते परत आत येऊन बसले.

"त्या शांततेत माझं गाणं वाजवतो," मी म्हणालो. "खांदेकरी चालत राहतील."

"एक कडवं."

"दोन."

"एका कडव्यात आमची गल्ली संपते."

"तुम्हाला उचलून चालणार आहेत, पळणार नाहीत."

"दीड," सर म्हणाले. "आणि वाक्य राहील."

वाक्य राहिलं. आम्ही हात मिळवले. मग ते म्हणाले, ऐकवा तरी. ड्रम दुकानातच होते. मी दीड कडवं वाजवून, म्हणून दाखवलं. सून पापलेटाला हात घालते तिथे त्यांच्या चपलेचं टोक हललं. मी पाहतोय हे कळल्यावर त्यांनी पाय खुर्चीखाली घेतला. ते छापायचं असेल तर त्यांनीच छापावं.

त्यांची तब्येत उत्तम आहे. बाजारात भेटले की मी विचारतो, "कसं काय, सर?" ते म्हणतात, "घाई नाही." बघणाऱ्यांना वाटतं, आमचं मिटलं. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. गल्लीतलं गटाराचं काम संपलंय, आता दीड जास्त होईल, सव्वा कडवं करू या, म्हणाले. मी फोन आपटला. मग ड्रमवर बसून सव्वा कडवं कुठे संपतं ते पाहिलं. ते सुनेने पापलेटाला हात घालायच्या आधीच संपतं.