गुलालाची शिकार

उभ्या जुन्नर तालुक्यात हरणावर बाण सोडून त्याला धडधाकट घरी पाठवणारे शिकारी एकच, ते म्हणजे माझे मामेसासरे. रानाच्या कडेच्या जांभळीवर त्यांनी माचाण बांधलं होतं. ऐन थंडीत, फटफटायच्या आधी, कानटोपी, दोन स्वेटर आणि वरून मामींची शाल अशा थाटात मामा वर चढत. हातात वेळूचा, स्वतः केलेला तिरकमठा. बाणाला टोक नाही. तिथं चिंध्यांचा गोळा, गुलालात बुडवलेला. हरभरा खायला येणाऱ्या भेकराच्या, म्हणजे डोंगरातल्या त्या बुटक्या हरणाच्या पाठीवर लाल ठिपका उठला की झाली शिकार. "मारायचं कशाला? मालक जागा हाय, येवढं कळलं म्हंजी झालं," असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात गुलाल बहुतेक वेळा हरभऱ्यालाच लागे. एकदा तर तो शेजाऱ्याच्या म्हशीला लागला. शेजारी दारात येऊन शांतपणे म्हणाला, "राव, आमची म्हस कुठल्या वॉर्डातनं निवडून आली?"

गेल्या पौषात मीही त्यांच्याबरोबर वर बसलो. बोलायची बंदी होती, पण ती फक्त मला. उजाडता उजाडता एक भेकर हरभऱ्यात उतरलं. मामांनी दोरी ताणली. तेवढ्यात भेकर कुत्र्यासारखं भुंकलं आणि उडी मारून पसार झालं. मामा चिडून काही बोलणार, तोच त्यांचा चेहरा उतरला. हरभऱ्यालगतच्या उसातून बिबट्या बाहेर आला होता आणि समोरच्या बांधावरून चहाची किटली घेऊन, खाली मान घालून मामी येत होत्या. दोघांत जेमतेम एका वाफ्याचं अंतर. बिबट्या दबून बसला.

मामांनी बाण सोडला. तो बिबट्याच्या डोक्यावरून गेला आणि थेट किटलीवर बसला. ठण्ण! किटली दगडावर आपटली, मामी किंचाळल्या, आणि बिबट्या गर्रकन वळून उसात शिरला. मामींनी त्याला पाहिलंच नव्हतं. "म्हातारपणी बायकूची शिकार करताय व्हय?" त्या कडाडल्या. मामा कसेबसे खाली उतरले आणि त्यांचा हात धरून तिथंच बसले. मी उसाच्या कडेचे पंज्यांचे ठसे दाखवले, तेव्हा मामीही मटकन खाली बसल्या.

बाजारात मामांनी हकीकत सांगितली ती अशी: "नेम किटलीवरच व्हता! आवाजाला बिबट्या लई भितो." लोकांनी मानलंही. मला एसटीत बसवायला आले, तेव्हा मात्र खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "पावणं, नेम बिबट्यावर व्हता. किटलीला लागला नसता, तर..."

आता ते माचाणावर चढत नाहीत. भेकरं खुशाल हरभरा खातात. सकाळी मामी रानात निघाल्या की मामा काठी घेऊन त्यांच्या मागून चालतात. "पुढं व्हा की," मामी म्हणतात. "असू दे. मागनंच बरं हाय," ते म्हणतात, आणि ऊस संपेपर्यंत पाऊलभरही पुढं होत नाहीत.