अपॉइंटमेंटच्या गावात सोडलेला तांदूळ

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रीजमध्ये वाटी-वाटीभर उरलेल्या भाज्यांसारखे ते मागे सरकत साठतात, आणि मग एके दिवशी सगळे काढून पुढ्यात मांडावे लागतात.

माझ्या किश्श्यांची सुरुवात नवसानं झाली. पुण्याहून नेदरलँड्समधल्या या छोट्याशा शहरात आलो, त्याला सहा महिने झाले होते. तेवढ्या काळात दाराची बेल दोनदा वाजली. दोन्ही वेळा कुरियरवाला, आणि दोन्ही वेळा पार्सल शेजाऱ्यांचं. मी गणपतीपुढे हात जोडले. "बाप्पा, या गावातलं कुणीतरी अपॉइंटमेंट न घेता माझ्या घरी येईपर्यंत तांदूळ सोडला."

आमचे हे मागेच उभे होते. म्हणाले, "कोकणातल्या मुलीनं तांदूळ सोडला, म्हणजे मागे उरलं काय?"

*

आमचं गाव फार प्राचीन बरं का. इतकं, की माझ्या आजेसासूबाईंचं लग्न झालं तेव्हा इथे पाणी होतं. मग डच लोकांनी बांध घातला, पाणी उपसलं, पट्टीनं आखल्यासारखे रस्ते केले आणि वर गाव ठेवलं. एवढा इतिहास म्हटल्यावर संग्रहालय हवंच. जुन्या वस्तू आणून द्या, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. मी आजेसासूबाईंचं पितळी पातेलं नेलं.

तिथल्या काकांनी विचारलं, "किती जुनं?"

"त्यांच्या लग्नातलं."

काकांनी मनात हिशेब केला आणि पातेलं दोन्ही हातांनी काचेच्या कपाटात ठेवलं. त्यावर आजेसासूबाईंचं नाव कोरलेलं आहे. शाळेची मुलं रांगेनं येऊन बघून जातात. गावातली सर्वांत जुनी घरगुती वस्तू चिपळूणची आहे.

*

शेजारी तिनेकेबाई राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, एकट्या, सायकल माझ्याहून वेगात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना तीन आठवडे आधी बोलावलं. ठोक्याला तीन वाजता आल्या, साडेचारला उठल्या. तिळगूळ अर्धा खाऊन उरलेला रुमालात बांधून नेला. वाण म्हणून मी त्यांना आपलं भिंतीवरचं कॅलेंडर दिलं, वर गणपती असलेलं.

आमच्या इरानं विचारलं, तेही अर्धं डचमध्ये, "आई, हे मोजायचं?"

"नाही. बोलावून आल्या."

भात काही शिजला नाही.

*

चैत्रात मीच एकदा गरम शिरा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. न सांगता. म्हटलं, रीत आपणच दाखवून द्यावी. त्यांनी दार उघडलं आणि चेहरा एकदम पांढरा पडला. आत जाऊन डायरी आणली.

"पुढच्या महिन्यात, बारा तारखेला, साडेदहाला?"

मी म्हटलं, "मी येईन. शिऱ्याचं मात्र सांगता येत नाही."

*

बारा तारखेला, साडेदहाला मी गेले. एक कप कॉफी, एक बिस्किट. बिस्किट उचललं आणि डब्याचं झाकण लागलं. चटक लागू नये म्हणून काळजी घेतात बिचारे.

मग त्या दिवशीच्या चेहऱ्याचं कारण त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या लहानपणी इथल्या नव्या जमिनीवर शेत मिळण्याआधी कुटुंबाची तपासणी व्हायची. सरकारी साहेब न कळवता घरी यायचा आणि घर नीटनेटकं आहे का बघायचा. कपाटंसुद्धा उघडायचा. "आई जाईपर्यंत," त्या म्हणाल्या, "अचानक बेल वाजली की आधी कपाट आवरायची आणि मग दार उघडायची. मीही कुणाकडे अशी कधी गेले नाही. माणूस घाबरतो."

मी कप खाली ठेवला. उठून टॉयलेटला गेले. समोरच्या भिंतीवर आमचे गणपती.

बाहेर आले ती हात जोडूनच. तिनेकेबाई कौतुकानं म्हणाल्या, "महत्त्वाच्या तारखा आम्ही तिथेच लावतो. रोज दिसतात ना."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "देव सगळीकडे असतो, हे तूच सांगतेस."

*

गणेश चतुर्थी आली. मागचे दोन गणपती मी उकडीचे मोदक करून नुसती वाढत होते. यंदाही तेच. आरती झाली, नैवेद्य झाला, आणि बेल वाजली.

हे म्हणाले, "शेजाऱ्यांचं पार्सल असेल."

शेजारीणच होती. पावसाच्या कोटात, काखेत ते कॅलेंडर. आजच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तुमच्या देवाचं चित्र आहे. इरा म्हणाली, आज तो येतो. तारीख वर्षभर आधी छापून येतो, हे मला त्याचं आवडलं." मग कॅलेंडर परत काखेत धरलं. "मी मात्र न सांगता आले. कपाटं बघणार नाही."

मी दार तसंच उघडं टाकून आत पळाले.

आतून ह्यांनी तीनदा विचारलं, "अगं, कोण आहे?" मला उत्तर देता येईना. तोंडात मोदक होता.

*

आता तुमच्याकडे एक मागणं. तुम्हीही एक नेम धरा. काही सोडू नका, तांदूळ तर नकोच. येत्या रविवारी फोन न करता कुणाच्या तरी दाराची बेल वाजवा. आत कुणीतरी भाताचा कुकर न लावता बसलेलं असेल.