सहा कार्यकर्ते, दोन मतं

निवडणूक संपली की इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये ठरावीक दिवसांत खांबांवरची सगळी पोस्टरं उतरवावी लागतात. किस्से उतरवायला मात्र कुणी येत नाही! ते साठतच जातात. दोघं कॉफीला भेटलो की एक जण सुरू करतो, दुसरा "हे काहीच नाही, ऐक" म्हणतो आणि कॉफी गार होते.

तर झालं असं. इथली लांडटाग म्हणजे आपली विधानसभा. राज्यभर निवडणूक लागली आणि आमच्या मतदारसंघातले जुने आमदार निवृत्त झाले. सीट मोकळी! पक्षाने तिकीट दिलं आमच्या मेघनाला. मेघना सांगलीची सून, शहराच्या बस-ट्रामचं प्लॅनिंग करते, वीस वर्षं इथेच. "एकदाच उभी राहतेय. हरले तर पुन्हा नाही," असं तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. आणि लढत अशी, की जो तो म्हणत होता, घासून होणार!

आमचा मराठी कंपू सहा जणांचा. मेघना, तिचा नवरा अभिजित, अठरा वर्षांची लेक ईरा, सांगलीहून मुद्दाम आलेल्या सासूबाई म्हणजे मालतीकाकू, मी आणि माझी बायको मुग्धा. यात जर्मन पासपोर्ट दोघींकडेच, मेघना आणि ईरा. अभिजितला नागरिकत्वाचा फॉर्म भरायचा दहा वर्षं कंटाळा आलाय. म्हणजे कार्यकर्ते सहा, मतं दोन!

*

पोस्टर लावायचं काम अभिजितकडे. तो गाड्यांच्या भागांना हादरे देऊन ते किती टिकतात हे तपासतो. पगार त्याचाच मिळतो.

बाकीचे पक्ष प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आवळून मोकळे झाले. याने आधी घरी पोस्टर बांधून ते हलवून बघितलं. मग प्रत्येक पोस्टरला पाच पट्ट्या, मागे रबर, गाठीची दिशा ठरलेली. मी शिडी धरून उभा, वरून साहेबांच्या सूचना. एका खांबाला पंचवीस मिनिटं!

"अरे, निवडणूक या वर्षी आहे ना?" मी खालून विचारलं.

पुढच्या आठवड्यात वादळ आलं. सकाळी रस्ताभर उमेदवार आडवे पडलेले. उभी एकटी मेघना, हसत! पक्षाचे इथले अध्यक्ष ब्रिंकमन मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"बाई निवडून येतील न येतील," ते म्हणाले, "खाली मात्र येणार नाहीत!"

*

मग घरोघरी प्रचार. ब्रिंकमननी आम्हाला शिकवलं होतं की बेल वाजवा, नाव सांगा, पत्रक द्या, निघा. एका दाराला एक मिनिट.

पहिलं दार एका आजींनी उघडलं. मी हसून "गुटन टाग" म्हटलं, मेघनाचं नाव सांगायला लागलो आणि बघतो तर आजींचं लक्ष माझ्या पायांकडे. बोलता बोलता मी बूट काढून उंबऱ्याशी नीट लावून ठेवले होते! दार उघडलं की बूट काढायचे, ही लहानपणापासूनची सवय. पाय ऐकतात थोडेच?

आजी दोन पावलं मागे सरकल्या. "तुम्हाला," त्यांनी हळूच विचारलं, "किती दिवस लागणार आहेत?"

*

शनिवारच्या बाजारात प्रत्येक पक्षाचा स्टॉल. कुणी पेन वाटतं, कुणी फुगे. मुग्धा म्हणाली, पेनं घरोघर पडलेली असतात, आपण चिवडा देऊ. कुणाला ॲलर्जी असली तर, म्हणून ब्रिंकमन घाबरले. आत शेंगदाणे आहेत, काजू आहेत, सगळं पुडीवर लिहा म्हणाले. काकूंनी आणि मुग्धाने बसून प्रत्येक पुडीवर चिठ्ठी चिकटवली.

तिसऱ्या शनिवारी रांग लागली! रांगेत एक उंच गृहस्थ पहिल्या दिवसापासून न चुकता हजर. मेघना हरखली. त्यांच्याशी बसच्या वेळापत्रकावर दहा मिनिटं बोलली. ते "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत मान डोलावत होते.

"मग आमच्याकडे लक्ष असू द्या," मेघना म्हणाली.

गृहस्थांनी कोट जरा बाजूला केला. आत विरुद्ध पक्षाचा बिल्ला!

"मत तिकडेच," ते प्रेमाने म्हणाले, "पण चिवडा इथलाच."

*

ब्रिंकमन एकदा आमच्या गणपतीच्या कार्यक्रमाला आले होते. तिथे मेघनाचा हार घालून सत्कार झाला. ते त्यांच्या मनात राहून गेलं असणार.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी त्यांना मेघनाला खूश करायचं होतं. बायकोच्या बागेतली झेंडूची फुलं तोडून त्यांनी स्वतः हार ओवला आणि स्टॉलवरच्या मेघनाच्या मोठ्या फोटोला घातला. धुकं होतं म्हणून समोर काचेच्या भांड्यात एक मेणबत्तीही लावली.

काकू ब्रेड घेऊन कोपऱ्यावरून वळल्या आणि समोर सुनेचा फोटो, हार, दिवा! "अगं बाई गं!" म्हणून त्या बाकावर बसल्याच. ब्रेड घरंगळत गेला. तेवढ्यात मागून मेघना कॉफीचे कप घेऊन आली.

"अहो आई, काय झालं?"

काकूंनी तिला चाचपून बघितलं, मग उठून तो हार ओढून काढला आणि मेणबत्ती फुंकली. आमची हसून पुरेवाट. अभिजितने ब्रिंकमनना बाजूला घेऊन, आमच्यात फोटोला हार कधी घालतात ते समजावलं. बिचारे पांढरे पडले. तीन वेळा माफी मागितली.

मग त्यांनी थोडा विचार केला, पलीकडच्या स्टॉलकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "त्यांच्या फोटोला घातला तर?"

*

ईराचं हे पहिलंच मतदान. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. जेवताना अभिजितने सहज विचारलं, "काय, आईलाच ना?"

"पापा, दास इस्ट गेहाइम," ईरा म्हणाली. म्हणजे ते गुप्त असतं.

"अगं, घरात कसलं गुप्त? सख्खी आई उभी आहे!"

मेघनाचाही घास हातातच. शेवटी काकू बोलल्या. "बरोबर आहे पोरीचं. मी तरी तुझ्या बाबांना कधी सांगितलं, मत कुणाला दिलं ते?"

अभिजितचा चमचा ताटात पडला. "आई! बाबा दोनदा नगरपालिकेला उभे होते!"

"मग?" म्हणून काकूंनी आमटी वाढून घेतली.

*

मतदानाचा रविवार. संध्याकाळी सहाला मतदान संपतं आणि तिथेच, शाळेच्या त्याच वर्गात, मोजणी सुरू होते. कुणीही जाऊन बघू शकतं. हे कळल्यावर काकू चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन तयार! सांगलीला गणिताच्या शिक्षिका होत्या, निवडणुकीच्या ड्युट्या करण्यात हयात गेली. भाषेसाठी सोबत मी.

आम्ही पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो. टेबलावर पन्नास-पन्नासचे गठ्ठे, उमेदवारागणिक वेगळे ढीग. मेघनाचा ढीग वाढत होता. तेवढ्यात एका दमलेल्या गृहस्थांनी विरुद्ध उमेदवाराचा एक गठ्ठा मेघनाच्या ढिगावर ठेवला.

मी बघितलं. आणि खरं सांगतो, भिंतीवरचा नकाशा बघायला लागलो.

काकूंचं कोपर लागलं. "संदीप, तो वरचा गठ्ठा आपला नाही."

"काकू, त्यांच्या लक्षात येईल."

"माझ्या आलंय ना? सांग त्यांना."

दोन महिने घडाघडा बोलणारं माझं जर्मन कुठे गेलं कोण जाणे. काकूंनी वाट बघितली आणि वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला. सगळे आधी त्यांच्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. सांगितलं मी. काय करता?

तिथल्या प्रमुख बाईंनी गठ्ठा सोडून मोजला. पन्नासच्या पन्नास विरुद्ध उमेदवाराची! गठ्ठा जागेवर गेला, काकूंचे आभार मानले गेले.

गाडीत मी फुटलोच. "काकू, आपली पन्नास गेली आणि त्यांची पन्नास वाढली! शंभराचा फरक पडला!"

"गणित मला शिकवू नकोस," काकू म्हणाल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या.

पक्षाच्या हॉलमध्ये पोचलो तर सगळे पडद्यासमोर उभे. कधी मेघना पुढे, कधी ते. मेघनाने अभिजितचा हात इतका घट्ट धरलेला की त्याची बोटं पांढरी. मला तिच्याकडे बघवेना. साडेआठला शेवटच्या केंद्राचा आकडा आला.

मेघना! एकोणीस मतांनी!

अरे काय ओरडलो आम्ही! ब्रिंकमन मुग्धाला धरून नाचत होते. ईरा खुर्चीवर चढून चक्क मराठीत किंचाळत होती, "आई जिंकली! आई जिंकली!" अभिजित लहान मुलासारखा रडत होता आणि मीही.

गर्दीतून वाट काढत मेघना आली आणि काकूंच्या पाया पडली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले, मग तिला जवळ ओढून कानात विचारलं,

"बाकीच्या केंद्रांवर गठ्ठे परत मोजले ना गं?"