आईच्या नावानं दिलेला राजीनामा

माझ्या धाकट्या भावानं आमच्या आईच्या नावानं राजीनामा दिला, तेव्हा मी शेगावला मावसबहिणीच्या लग्नात होते. राजीनामा कॉम्प्युटरवरच्या एका फुटबॉलच्या खेळातला होता, हे आधीच सांगून टाकते. कारण सगळं ऐकून झाल्यावर लोक विचारतात, एवढ्याशा गोष्टीसाठी सख्ख्या भावाशी अबोला धरला? हो, धरला.

धामणगाव बढ्याला माझं मेडिकल आहे. दुपारी गाव जेवून आडवं होतं, तेव्हा मी शटर अर्धं ओढून घरी येते. घरात मी आणि आई. भाऊ पुण्याला एका कंपनीत आहे. मध्यंतरी कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती, तेव्हा तो बरेच महिने आमच्याकडे होता. त्यानं स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला, जुना मला दिला आणि त्यात हा खेळ टाकून दिला. या खेळात तुम्ही चेंडूला पाय लावत नाही. तुम्ही क्लबचे मॅनेजर असता. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, सराव कसला घ्यायचा, रुसलेल्या खेळाडूची समजूत कशी घालायची, हे सगळं तुमच्या अंगावर. सामना सुरू झाला की मात्र नुसतं बघायचं आणि जीव मुठीत धरून बसायचं.

भावाला मोठा, नावाजलेला क्लब घ्यायचा होता. मी म्हटलं, "त्यायच्याकडं सारंच हाय. आपण तिथं जाऊन काय करणार?" आमचं जमेना, तेव्हा आईला विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. इंग्लंडमधल्या स्पर्धेत वरून सहाव्या, म्हणजे बऱ्याच खालच्या पायरीवरचे क्लब मी तिला एकेक करून दाखवले. तिनं नुसते शर्ट बघितले आणि म्हणाली, "हे निळे घ्या."

मॅनेजरचं नाव कोणाचं टाकायचं यावरूनही भांडण झालं, म्हणून आईचंच टाकलं. खेळानं विचारलं, आधीचा अनुभव? भावानं 'काही नाही' यावर बोट ठेवलं. आईनं ते आमच्याकडून वाचून घेतलं आणि चिडली. "काही नाही कसा? सारी जिंदगी वावर केलं, मजूर सांभाळले, बाजारात भाजी इकली. काही नाही म्हन्ते!"

तो समुद्रकाठच्या एका लहान गावचा क्लब होता. मैदानाच्या एकाच बाजूला छप्पर. निम्मे खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. आईला त्यांची नावं उच्चारता येत नव्हती, म्हणून तिनं आपली ठेवली. कॅप्टन मागच्या फळीत खेळायचा, वय झालेलं, डोक्यावर केस नाहीत, तो टकल्या. गोलकीपर लंबू. लंबू उगाच पुढं पळत सुटायचा, तेव्हा आई ओरडायची, "अबे, घर सोडून कुठं चालला?"

भाऊ पुण्याला परत गेल्यावरही आम्ही खेळत राहिलो. सेव्ह केलेला खेळ इंटरनेटवर ठेवायचो, ज्याला सवड मिळेल त्यानं उघडायचा. नियम एकच ठरला होता. काही मोठं करायचं असलं तर आधी फोन. एक खेळाडू सोडायचा असला तरी फोन. हा नियम त्यानंच केला होता, मी नाही.

दुसऱ्या हंगामात आम्ही एक पायरी वर चढलो. आईनं शिरा केला. शेजारणीनं विचारलं, आज काय आहे? आई म्हणाली, "आमचे पोट्टे जिकले."

आणि मग ते शेगावचं लग्न. तिथं जो भेटेल तो भावाबद्दल विचारत होता. पुण्याला फ्लॅट घेतला का, गाडी कोणती, परदेशात कधी पाठवणार. माझ्या दुकानाबद्दल एकानं विचारलं नाही. एक काका ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "तू एवढी फार्मशी शिकली, अन् धामणगावातच राह्यली? काऊन बाप्पा?" जसं काही मला जडलेलं दुखणंच विचारत होते. आजूबाजूचे हसले. लग्नघर होतं म्हणून मी पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन लॅपटॉप उघडला तर पडदा लालभडक. मला वाटलं, चुकून दुसरंच काही उघडलं. खेळाडू अनोळखी, मैदान भलंमोठं. मग खेळातल्या बातम्या दिसल्या. आईच्या नावासकट लिहिलं होतं की तिनं निळ्या क्लबचा राजीनामा देऊन दोन पायऱ्या वरच्या क्लबची सूत्रं हाती घेतली आहेत. खाली निळ्यांच्या चाहत्यांचे शब्द होते. आम्हाला वाऱ्यावर सोडून गेली, असा त्यांचा अर्थ.

मी उभ्या उभ्या फोन लावला.

"हे काय केलं तू?"

"पाह्यलं का?" त्याचा आवाज खुशीत होता. "ताई, अशी ऑफर पुन्हा येत नाई. खेळात एकच दिवस देल्ला होता उत्तराले."

"खेळातला दिवस तू पुढं ढकलल्याबिगर सरकतो काय? बंद करून ठेवायचा होता. मले फोन काऊन नाई केला?"

"तू लग्नात होती."

"लग्नात फोन लागत नाई?"

"ताई, तू काऊन एवढी तापून राह्यली? आपण वरच गेलो ना? तिथं राहून काय भेटणार होतं? लहानसा क्लब, कोणी इचारत नाई."

काकांच्या ताटावरचं वाक्य आता माझ्या भावाच्या तोंडून येत होतं. मी विचारलं, जुना सेव्ह आहे का? नव्हता. त्यानं त्याच्यावरच सेव्ह केलं होतं. मी फोन ठेवला.

आईला सांगितलं तेव्हा तिला आधी कळेचना. मग तिचा चेहरा बदलला.

"माह्या नावानं राजीनामा देल्ला, अन् मलेच माहीत नाई? मी कुठं गेली? मी तं इथंच हाय."

त्यानंतर मी लॅपटॉप उघडला नाही. भावाचे फोन यायचे, मी आईकडे द्यायचे. आई त्याच्याशी जेवणाखाणाचं बोलायची आणि ठेवायची. तो मला निरोप द्यायचा, खेळून तर बघ, इथं डॉक्टर वेगळा, खाणं ठरवणारा वेगळा, सगळी सोय आहे. मला त्या सोयीचाच राग येत होता. आम्ही टकल्याच्या दुखऱ्या गुडघ्याला जपून जपून दोन हंगाम काढले होते. सोय होती म्हणून नाही चढलो आम्ही.

मग एके दुपारी आई म्हणाली, "आपले निळे कसे हायत, पाह्य बरं." ते बघायचं तर खेळ उघडणं आलंच. उघडला. निळे तळाला गेले होते. नव्या मॅनेजरनं लंबूला सोडून दिलं होतं आणि टकल्याला राखीवात बसवलं होतं. इकडे आमच्या लाल क्लबातला गोल मारणारा तक्रार घेऊन उभा, की मला एका सामन्यात वेळेआधी बाहेर का काढलं. माझं डोकंच फिरलं. तरी रोज दुपारी उघडत गेले, निळ्यांची खबर घ्यायला, आणि त्यासाठी लालांचे सामने खेळत गेले.

अशातच, सगळ्या पायऱ्यांवरचे क्लब एकत्र खेळतात त्या स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि लालांसमोर निळे आले. मी स्वतःहून भावाला फोन केला, तो इतक्या दिवसांनी पहिला.

"दिवाळीच्या सुट्टीत येऊन राह्यलो," तो म्हणाला. "तोवर तो सामना खेळू नको."

तो आला. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. त्याला पूर्ण ताकदीचा संघ उतरवायचा होता. मी म्हटलं, "पोरासोरांचा संघ उतरव. हरू दे. एवढं तं त्यायले देनं लागते."

"मुद्दाम हरायचं? याले खेळ म्हन्तात?"

"अन् तू जे केलं त्याले काय म्हन्तात?"

आईनं हात वर केला. "नाव माहं हाय ना? मंग मी सांगते. सारे चांगले खेळवा. मुद्दाम हरणं म्हंजे त्यायले भीक घालणं हाय. त्यायचा अपमान काऊन करता?"

मला ते पटलं नाही, तरी चांगलेच खेळाडू उतरवले. सामना झाला. लालांनी तीन गोल केले, निळ्यांनी एकही नाही. शेवटी शेवटी टकल्याला मैदानात आणलं. आई उसळली. "आता आणला त्याले! सारं झाल्यावर!" ती उठून परसात गेली. जिंकलेला भाऊ पडद्याकडे बघत बसला.

मी आईच्या मागे गेले आणि विचारलं, "माय, देऊ का राजीनामा?"

"दे," ती म्हणाली.

मी आत येऊन राजीनाम्याचं पान उघडलं, तसा भाऊ कळवळला. "अर्ध्या हंगामात कोणी क्लब सोडते काय, ताई?"

"तू नव्हता सोडला?"

निळ्यांच्या मॅनेजरची जागा रिकामी झाली, तेव्हा मी आईच्या नावानं तिकडे अर्ज केला. त्यांच्या अध्यक्षाचं उत्तर आलं, चाहते तुम्हाला स्वीकारणार नाहीत. आईनं काही केलेलं नसताना तिच्या नावावर हे उत्तर! मी आजही ते आठवलं की तापते. शेवटी उत्तरेकडचा, सहाव्या पायरीवरचा, हिरव्या पट्ट्यांचा एक क्लब घेतला. आईला हिरवा चालला. भाऊ पुण्याला गेला तो स्वतःचा वेगळा खेळ सुरू करून. एकाच फाइलीवर आम्ही दोघं आता बसत नाही.

बोलणं मात्र सुरू झालं आहे. माफी त्यानं मागितली नाही आणि मीही राग सोडलेला नाही. परवा त्याचा फोन आला.

"ताई, तुह्या क्लबचं काय चालू हाय?"

"खालून तिसरा."

"मी युरोपच्या स्पर्धेत पोहोचलो."

"जा," मी म्हटलं, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, त्याची औषधांची चिठ्ठी हातात घेतली.