दळवीकाकांच्या बंड्याचं इंजेक्शन

"बाबांना सांगू नका, डॉक्टर. आपोआप गेला म्हणा."

दळवीकाकांचा मुलगा प्रशांत माझ्या दवाखान्यात उभं राहून हे म्हणाला आणि मी मान डोलावली. त्या दुपारी काय झालं, ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरकीतले गमतीचे किस्से मात्र लग्नाकार्यात भरपूर सांगितले. आता प्रॅक्टिस बंद केली आहे, तर हेही सांगून टाकतो.

माझा दवाखाना वर्तकनगरला होता. दळवीकाका मागच्याच कॉलनीत एकटे राहत. काकू गेल्यावर त्यांनी रस्त्यावरचं एक पिल्लू घरात आणलं, तो बंड्या. लोक प्राणी का पाळतात, हे विचारायची मला सवय होती. बहुतेक जण मुलांच्या हट्टाकडे बोट दाखवत. काका म्हणाले, "एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो हो. याच्यासाठी लावावाच लागतो. मग मीही दोन घास खातो."

"म्हणजे तो तुम्हाला पाळतो," मी म्हणालो.

"तसंच म्हणा. आणि भाजीला नावं ठेवत नाही."

बंड्या म्हातारा झाला आणि त्याची किडनी बिघडली. रक्तात क्रिएटिनीन वाढलं, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा आतच साठू लागला. मीठ पूर्ण बंद करा, असं मी काकांना बजावलं. अधूनमधून सलाईन चालू केलं. तो बरा होणार नव्हता, पण काही महिने बऱ्यापैकी काढले असते. सलाईनच्या दिवशी काका त्याला सकाळी सोडून जात आणि संध्याकाळी न्यायला येत.

अशाच एका दुपारी प्रशांत आला. तो डोंबिवलीला राहायचा, तिथेच एमआयडीसीत कामाला होता.

"बाबा परवा बाथरूममध्ये पडले. शेजाऱ्यांनी उचललं. आमच्याकडे चला म्हटलं, तर बंड्याचं काय करू म्हणतात. आमच्या सोसायटीत कुत्र्यावरून रोज भांडणं. आणि हा तर तसाही जाणारच आहे ना?"

"जाणार आहे. पण आज नाही."

"मग झोपवता येईल ना? तुम्ही करता ते."

झोपवणं म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मारणं. वेदना हाताबाहेर गेल्या की आम्ही ते करतो. बंड्याच्या गेल्या नव्हत्या. आमचं बोलणं चालू असताना तो प्रशांतचे बूट हुंगत होता. पण आमच्या धंद्यात बिल भरणाऱ्यालाच मालक धरायची पद्धत पडून गेली आहे. बंड्याची बिलं प्रशांत भरायचा. मी त्याची सही घेतली. म्हाताऱ्या माणसाची सोय होतेय, अशी स्वतःची समजूतही घातली.

संध्याकाळी काका आले. "अचानक हृदय बंद पडलं," मी सांगितलं.

ते बंड्याजवळ खाली बसले. त्याचा दुमडलेला कान सरळ केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर, काल हा काही खाईचना. मी माझ्या ताटातला वरणभात भरवला. त्यात मीठ होतं. त्यानेच का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. प्रशांत दारातच उभा होता. 'नाही' म्हटलं असतं, तर 'मग कशाने?' हा प्रश्न आला असता.

"आता त्याचा विचार करू नका, काका," मी म्हणालो.

त्यांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला.

काका डोंबिवलीला गेले. पुढे प्रशांतचा फोन आला. "बाबा धड जेवत नाहीत. मांजर आणू म्हटलं, तेही नको म्हणतात. तुमचं ऐकतील. एकदा याल का?"

मी गेलो. काका खिडकीशी बसले होते, खूप वाळले होते. मी मांजराचा विषय काढला.

"नको, डॉक्टर. एक माझ्या हातून गेला, तेवढा पुरे. मला मुकं जनावर सांभाळता येत नाही."

सुनेने पोहे आणले. प्रशांत समोरच बसला होता, नजर जमिनीवर. मी पोहे खाल्ले, छान झालेत म्हणालो आणि निघालो. प्रशांत घरी नसताना पुन्हा यायचं, असं जिना उतरताना ठरवलं. ते लांबत गेलं. एक दिवस काका गेल्याचा निरोप आला.

प्रशांतला मी दोष देत नाही. त्याला बापाची काळजी होती. जनावराला भरवतं कोण, हे विचारणं माझं काम होतं. नवीन डॉक्टरांना मी एवढंच सांगतो, सही घेण्याआधी भरवणाऱ्या माणसाला बोलावून घ्या.

डोंबिवलीला जाताना रिक्षात मी वाक्यं जुळवली होती. मनातल्या मनात घोकलीही होती. काका, तुमच्या भाताने काही झालं नव्हतं. इंजेक्शन मी दिलं. मला माफ करा.